जुन्या लाकडाची नवी मांडणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या या आनंदाच्या प्रसंगी ‘थोड्या खर्चात घराची सजावट’ या विषयावर मी चार गोष्टी सांगाव्यात, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला. विषय ऐकून आमच्या घरी थोडी थट्टाच झाली. “म्हणजे आई आता पडद्यांच्या रंगावर तासभर बोलणार!” असे चिरंजीव म्हणाले. पडद्यांवर मी बोलणार आहे, परंतु अगदी शेवटी आणि अगदी थोडे. कारण पडदा हा घरात सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत आधी विटतो. मला आज बोलावयाचे आहे ते लाकडाविषयी: आपल्या माळ्यावर, मागच्या पडवीत, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असलेल्या आणि भंगारवाल्याची हाक आली की दोनशे-तीनशे रुपयांत देऊन टाकलेल्या लाकडाविषयी.

सजावट म्हटले की मासिकातला दिवाणखाना डोळ्यांपुढे येतो. मी मात्र आपल्याच तालुक्यातल्या मणिबेलीपासून सुरुवात करणार आहे. मणिबेलीचे नाव आपण सर्वजणी धरणाच्या संदर्भात ऐकतो, आणि ते साहजिकच आहे. पण मणिबेलीची घरे कशी होती, ती कशी उतरविली गेली आणि पुन्हा कशी उभी राहिली, ही हकिकत घर लावणाऱ्या बाईने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे.

नर्मदेच्या काठचे हे गाव तडवी आणि वसावे मंडळींचे. सातपुड्याच्या या बाजूच्या जुन्या घराची जात एकच. सागाचे जाड खांब जमिनीत रोवलेले, खांबाच्या माथ्याला दुबेळके किंवा कोरलेली खाच, त्या खाचेत आढे आणि तुळया बसविलेल्या, वर वासे, बांबूच्या रिपा आणि हातांनी थापलेली कौले. भिंती म्हणजे बांबूच्या फाकांचा कूड आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा. एकाच मोठ्या छपराखाली माणसे, गुरे, धान्याच्या कणग्या, शेतीची अवजारे. या घरात लोखंडाचा खिळा शोधूनच काढावा लागे. लाकूड लाकडात बसलेले असे, आणि जिथे बसत नसे तिथे दोरीने वा बांबूच्या सालीने बांधलेले असे.

१९७९ साली नर्मदा जलतंटा लवादाचा निवाडा झाला. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रातल्या ३३ गावांत येणार होते, आणि त्यांत धरणाला सर्वांत जवळचे म्हणून मणिबेलीचा क्रमांक पहिला. निवाड्यात विस्थापित कुटुंबासाठी जमिनीखेरीज घर बांधावयास ६० फूट बाय ९० फुटांची जागा आणि ७५० रुपयांचे पुनर्वसन अनुदान लिहिलेले होते. सामान हलविण्याचा खर्चही त्याच ७५० रुपयांत धरलेला होता. पुढे राज्य सरकारांनी रकमा वाढविल्या. पण अंदाजपत्रक करण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी तो पहिला आकडा क्षणभर मनात धरून पाहावा. एवढ्यात संसार उचलून न्यावयाचा आणि दुसरीकडे मांडावयाचा.

मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातमध्ये परवेट्याच्या वसाहतीत गेली. काहींनी जाण्यास नकार दिला. १९९१ च्या पावसाळ्यात नर्मदा बचाव आंदोलनाचा सत्याग्रह मणिबेलीतच बसला होता, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या वर्षांत पाणी चढत गेले, शूलपाणेश्वराचे जुने देऊळही त्यात गेले. काही घरे लोकांनी आपल्या हातांनी उतरविली, काही बंदोबस्तात उतरविली गेली. जे गावच्या हद्दीतच राहिले त्यांनी डोंगराच्या वरच्या अंगाला घरे बांधली. धरणाची उंची १९९९ नंतर टप्प्याटप्प्याने वाढली, २०१७ साली दरवाजे बंद झाले आणि २०१९ मध्ये पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचले. तेव्हा नर्मदाकाठच्या डोंगरवस्त्यांत एकदा वर नेलेले घर पुन्हा वर न्यावे लागण्याचे प्रसंगही आले.

या साऱ्या घटनांत न्याय कोठे झाला आणि कोठे झाला नाही, यावर बोलणारी माणसे माझ्यापेक्षा अधिकारी आहेत. मला एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. हे घर उतरविता येत होते. आधी कौले, मग रिपा आणि वासे, मग तुळया, सर्वांत शेवटी खांब. उभारताना हाच क्रम उलटा. खिळा नसल्यामुळे लाकूड फाटत नव्हते. अस्सल सागाचा गाभा असल्यामुळे त्याला वाळवी लागली नव्हती. गाभ्यात स्वतःचेच तेल असते, म्हणून कीड त्याच्या वाटेला जात नाही. वरचा फिकट रंगाचा थर मात्र किडीला वर्ज्य नसतो. एका पिढीने तोडलेले लाकूड तीन पिढ्यांच्या घरांना पुरत होते.

कित्येक पुनर्वसन वसाहतींत प्रथम पत्र्याच्या शेड दिल्या गेल्या. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली बसून पाहिल्याखेरीज शेड म्हणजे काय ते कळावयाचे नाही. पत्र्याला लिंपता येत नाही, त्याला खुंटी ठोकता येत नाही, त्याच्या आधाराने पाळणा टांगता येत नाही. ज्यांच्याजवळ जुन्या घराचे लाकूड होते त्यांनी सवडीने पुन्हा घर उभारले. अशा एका घरी काही वर्षांपूर्वी मी गेले होते. ओटीवरच्या खांबांना कमरेइतक्या उंचीवर खाचा आणि भोके दिसत होती. जुन्या घरात हेच खांब वेगळ्या कामी होते, तेव्हाच्या त्या खाचा. घरच्या बाईने एका खाचेत विळा अडकविला होता, दुसरीत आरसा आणि फणी ठेविली होती, आणि एका भोकात बांबूची खुंटी बसवून तिला टोपली टांगली होती. त्या ओटीवर विकत आणलेली शोभेची एकही वस्तू नव्हती आणि तरी डोळ्यांना ती ओटी भरलेली वाटली. गिलावा मात्र नवा होता. कारण लाकूड ट्रकवर घालता येते, गिलावा येत नाही. तो प्रत्येक ठिकाणी बाईने आपल्या हाताने पुन्हा करावयाचा असतो.

आता आपल्या घरांकडे वळू. कोणतीही जुनी वस्तू हाती घेतली की पहिला प्रश्न विचारावा: ही जोडली कशी आहे? भोकात कुसू बसवून जोडली असेल तर ती उकलता येईल, साफ करता येईल, पुन्हा बसविता येईल. स्क्रूने जोडली असेल तरीही चालेल. पण भुसा आणि चिकट रस दाबून केलेल्या पाट्यांचे जे कपाट आज हप्त्यांवर मिळते, त्याचा स्क्रू एकदा निघाला की भोकाची धरच जाते. फरशी पुसताना त्याच्या पायाशी पाणी लागले की ते फुगते आणि फुगलेले पुन्हा बसत नाही. प्लायवूड त्यापेक्षा पुष्कळ बरे, दोन्ही एक समजू नयेत. दुकानात काठ उघडा करून दाखवावयास सांगावे: थर दिसले तर प्लाय, नुसता भुसा दिसला तर पुढचे आपले आपण ठरवावे. माझ्या जाऊबाईंनी आजेसासूबाईंचे सागवानी कपाट मोडीत काढून असे भुशाचे कपाट घेतले. त्याची दोन दारे पाचव्या वर्षी निखळली. आजेसासूबाईंचे कपाट ज्याने विकत नेले त्याने मात्र त्याचे काय केले असेल ते आपण बाजारात ‘अँटिक’ची दुकाने पाहून ओळखू शकतो.

तेव्हा जुने कपाट किंवा पेटी घरात असेल तर ती काढा. सुक्या दिवसांत काढा. पावसाळ्यात हे काम आरंभू नये, त्याचे कारण पुढे येईल. प्रथम रिठ्याच्या कोमट पाण्यात फडके पिळून सारे अंग पुसावे. बादली ओतू नये. दोन दिवस सावलीत वाळू द्यावे. नंतर मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावून पाहावे. जागा चिकट झाली तर समजावे की जुने लाखेचे पॉलिश आहे. हे समजणे फार मोलाचे आहे, कारण लाखेच्या पॉलिशवर लाखेचाच नवा हात सरळ बसतो. सारे खरवडून काढावे लागत नाही. चिकट झाली नाही तर तेलरंग किंवा वॉर्निश आहे असे धरावे.

तेलरंग असेल तर एक गोष्ट बजावून सांगते. जुन्या रंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांस ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाविषयी खात्री नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून, ओले ठेवूनच घासावे, लहान मुलांना आणि गरोदर लेकी-सुनांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, पुसलेली फडकी धुऊन पुन्हा स्वयंपाकघरात आणू नयेत. आणि रंग धड असेल, पोपडे सुटले नसतील, तर तो काढण्याचा हट्टच करू नये. वरवर ओला हात फिरवून त्यावर नवा रंग द्यावा. सगळेच खरवडून लाकूड दाखविलेच पाहिजे, ही अलीकडची हौस आहे.

लाखेचे पॉलिश घरी करणे अगदी सोपे. एक लिटर स्पिरिटमध्ये दोनशे ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजत ठेवावी, मधून मधून बाटली हलवावी, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळावी. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे असावे. लोखंडात लाख काळवंडते. स्पिरिट पेट घेते आणि पोटात गेले तर विष आहे, म्हणून चूल, गॅस, उदबत्ती यांपासून लांब, आणि बाटलीवर चिठ्ठी लावून. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात कापूस गुंडाळून गादी करावी, ती पॉलिशमध्ये किंचित भिजवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकदाच फिरवावी. ओल्या हातावर दुसरा हात नको. अर्ध्या-पाऊण तासाने पुढचा हात. असे पाच-सहा हात झाले की मधल्या वेळेत बारीक, २२० नंबरचा पॉलिशपेपर हलकेच फिरवून शेवटचे दोन हात द्यावेत. हवेत दमटपणा असला की या पॉलिशवर पांढुरकी साय धरते, म्हणून पावसाळा वर्ज्य सांगितला. गरम भांडे ठेवले तरी पांढरे वर्तुळ उठते. त्यामुळे जेवणाच्या मेजाला लाख नको. त्याला उकळलेले जवसाचे तेल फडक्याने चोळावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात, ही गंमत नव्हे. दोरीवर पसरून वाळवावीत आणि मग टाकावीत.

माझ्या एका पेटीला हे सारे करण्यास लाख, स्पिरिट, पॉलिशपेपर आणि कडीसाठी नवे स्क्रू मिळून सुमारे सहाशे रुपये पडले, आणि चार दुपारी गेल्या. दुपारी मोजावयाच्या की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. बाईच्या दुपारी कोणी मोजत नाही, म्हणून मी मोजून सांगितल्या.

लाखेची आणखी एक करामत आपल्या शेजारी आहे. परवेट्याच्या त्याच बाजूला, गुजरातमध्ये, संखेडा नावाचे गाव आहे. तेथील खरादी मंडळी सागाचे पाय आणि दांडे चरकावर उतरवितात, त्यावर कथलाची रुपेरी नक्षी काढतात, अकीक दगडाने ती घोटतात आणि वरून लाख चढविली की रुपेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. आपल्या कोणाकडे आहेरात आलेला असा झोपाळा किंवा पाळणा असेल तर त्यावर पॉलिशपेपर मुळीच लावू नका. पातळ लाखेखाली नक्षी आहे. दोन हातांत ती निघून जाईल. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे एवढीच त्याची सेवा.

डुगडुगणारी खुर्ची ही प्रत्येक घरातली व्यथा. पाहुणा आला की ती भिंतीला टेकवून ठेवायची आणि घरच्याच कोणी तरी तीवर बसायचे, अशी रीत पडलेली असते. तिला खिळा ठोकणे हा सर्वांत वाईट उपाय. खिळ्याने कुसू फाटते आणि मग सुतारालाही काही करता येत नाही. उलट तिला पूर्ण सोडवावी. लाकडी हातोडीने किंवा हातोडीखाली जुनी चिंधी धरून हलके ठोके दिले की सांधे निघतात. प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करावी, डावे-उजवे लिहावे. मग कुसवावरचा आणि भोकातला जुना सरस चाकूने खरवडून लाकूड उघडे करावे. पूर्वी सुतार हाडांचा सरस उकळून वापरीत. १९५९ साली फेव्हिकॉल आले आणि ती दुर्गंधी घरातून गेली. पण फेव्हिकॉल जुन्या सरसावर नीट धरत नाही, ते लाकडालाच धरते. कुसू सैल झाले असेल तर सुती कापडाची एक पट्टी सरसात भिजवून त्याभोवती गुंडाळावी. सारे बसवून झाले की खुर्चीच्या चारी पायांभोवती दोरीचे दोन फेरे घ्यावेत, मध्ये काठी घालून पीळ द्यावा आणि काठी अडकवून रात्रभर ठेवावे. शिकंजा विकत घ्यावा लागत नाही. पीळ देण्यापूर्वी सपाट फरशीवर चारी पाय टेकतात ना, हे पाहावे. सकाळी पाहून उपयोग नसतो.

खाटेचेही असेच. दिवाणाखाली दबून गेलेली आपली विणलेली खाट ही फार हुशारीची वस्तू आहे. पायथ्याकडे वीण अपुरी सोडून तेथे ओढदोरी घातलेली असते. खाट झोळ खाऊ लागली की ती दोरी सोडून पुन्हा ताणायची, संपली गोष्ट. गादीचा पलंग झोळ खाऊ लागला की त्याला असा काही उपाय आहे काय? ढेकूण झाले तर दोरी सोडून चौकटीच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि तीन दिवस कडक उन्हात ठेवावे. सुंभाऐवजी जुन्या नऊवारी लुगड्यांच्या पट्ट्या पिळून केलेली दोरी वापरून मी एक खाट विणून घेतली आहे. रंगीबेरंगी झाली आहे आणि येणारा प्रत्येकजण तीवरच बसतो.

बांबूविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण बांबू आपल्याकडे स्वस्त आणि जवळचा, परंतु दोन वर्षांत त्याचा पिवळा भुगा पडू लागतो म्हणून बायका त्याला कंटाळतात. बांबूत साखर आणि पिठूळ अंश असतो, त्यावर भुंगा येतो. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेल्या पक्व बांबूत हा अंश कमी असतो. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी रीत याचसाठी. आता ओढ्याला पाणी नसेल तर शंभर लिटर पाण्यात दोन किलो बोरिक ॲसिड आणि तीन किलो टाकणखार विरघळवून त्यात फाडलेला बांबू आठवडाभर बुडवावा आणि सावलीत वाळवावा. ते पाणी गुरांच्या तोंडी लागू देऊ नये. असा बांबू घराच्या आत वापरावा. पावसात औषध धुऊन जाते. दोन खोल्यांमधली ताटी, पुस्तकांची मांडणी, चपलांची घडवंची, दिव्यावरची टोपली, एवढे तरी आपल्यापैकी प्रत्येकीला जमेल. शंभर लिटर हे एका घराला जास्त होईल, तीन-चार घरांनी मिळून करावे.

भिंतींचे मी थोडक्यात सांगते. मातीच्या भिंतीला माती-शेणाचाच गिलावा शोभतो आणि टिकतो. त्यावर सिमेंट थापले की भिंतीचा ओलावा आत कोंडतो आणि पापुद्रा सुटतो. विटांच्या जुन्या भिंतीला चुना द्यावा, भिंत ओली करून, पातळ, तीन हात. तेलरंगाच्या भिंतीला चुना धरत नाही, तेव्हा तो नाद सोडावा. एका भिंतीला गेरू आणि उरलेल्या पांढऱ्या, एवढ्यानेही खोली वेगळी दिसते.

भिंतीवरच्या चित्रांविषयी मात्र मला स्पष्ट बोलावयाचे आहे. हल्ली पिठोऱ्याची चित्रे छापून चौकटीत लावण्याची टूम निघाली आहे. छोटा उदेपूरकडच्या राठवा समाजात पिठोरा हा देव आहे. नवस फेडावयाचा असतो तेव्हा कुमारिका ती भिंत शेणामातीने सारवितात, पांढऱ्या मातीचा हात देतात, लखारा घोडे काढतो, रंगात दूध आणि महुडीची दारू पडते, बडवा विधी करतो, मग ते चित्र पुरे होते. ते आपल्या सोफ्याच्या रंगाला जुळते म्हणून सोफ्यामागे लावणे मला बरे वाटत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी आपल्या घरच्या चैत्रांगणाची, आपल्या उंबऱ्यावरच्या रांगोळीची चित्रे भिंतीवर आणावीत. ती आपल्या हातात आहेत आणि त्यांना कोणाचा नवस अडत नाही.

पडदे: जुनी सुती साडी मधोमध कापून दोन काठ दोन बाजूंस येतील असे शिवावेत. उशांचे अभ्रे उरलेल्या पदरांतून होतात. गोधडी तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक चांगली येते. झाले.

एक कायद्याची सूचना राहून जाईल म्हणून आताच सांगते. गावाकडचे पडके घर उतरवून त्याचे खांब येथे आणावयाचे कोणाच्या मनात असेल, तर ट्रकवर लाकूड घालण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन परवान्याची चौकशी करावी. साग जुना आहे, आपल्याच घरचा आहे, हे नाक्यावर तोंडी सांगून भागत नाही. घर उतरविण्याआधी त्याचे दोन फोटो काढून ठेवले तर कागदपत्राला आणि पुन्हा जोडतानाही उपयोग होतो.

आता माझी मागणी. मघापासून मी करवत, पटाशी, हातोडी म्हणते आहे आणि काही भगिनी एकमेकींकडे पाहून हसत आहेत. रंधा बाईने धरावयाचा नाही, असा काही नियम कोठे लिहिलेला नाही. कूड विणणे, भिंत चढविणे, कणगी लिंपणे ही कामे सातपुड्यातल्या बायका करीतच आल्या आहेत. आपणच पाटा-वरवंट्यापलीकडच्या अवजाराला हात लावण्यास बिचकतो. अडचण खरी आहे ती अशी की एकेकीने सगळी हत्यारे विकत घेणे परवडत नाही आणि वर्षातून दोनदाच ती लागतात. म्हणून मंडळाने एक पेटी करावी. तीत एक लहान रंधा, दोन पटाश्या, एक बारीक दातांची करवत, एक हातोडी, एक लाकडी ठोकणी, दोन स्क्रू ड्रायव्हर, पॉलिशपेपरची चळत आणि लाखेची बाटली असावी. चिटणीसबाईंच्या वहीत नाव लिहून आठ दिवसांसाठी पेटी न्यावी आणि पटाशी परत करताना धार लावून आणावी. गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाच्या वाणाची जी रक्कम शिल्लक असल्याचे अहवालात वाचले, तीत हे बसण्यासारखे आहे, असे मला वाटते. यंदाच्या वाणात प्लास्टिकचे डबे न देता तो खर्चही इकडे वळविता येईल, पण त्यावर मतभेद होतील, हे मी जाणून आहे.

अध्यक्षबाईंनी परवानगी दिली तर हा ठराव पुढच्या सभेत यावा. तोपर्यंत माझ्याकडची हत्यारे मी मंडळाच्या खोलीत आणून ठेवते, आणि ज्यांच्या घरी डुगडुगती खुर्ची असेल त्यांनी पुढच्या गुरुवारी दुपारी तीन वाजता ती घेऊन यावे. येताना दोरी आणावी. काठ्या येथे आहेत.